वाघाची छबी

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे. सुमारे १४८ चौरस किलोमीटरांच्या या सागवानी वनातील वाघाची छबी टिपण्यासाठी दूरदूरचे लोक कॅमेरे घेऊन येतात. पूर्वी वाघावर बंदूक रोखली जाई, आता कॅमेरा रोखला जातो, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु हातातील साधन बदलले म्हणजे मनातील हावही गेली, असे मात्र नाही.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात बछड्यांसह निघालेल्या एका वाघिणीची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या वाघिणीला कोणी दगड मारला नव्हता. मग यात अपराध तो कोणता? वाघिणीची वाट अडली की तिची शिकार हुकते, आणि शिकार हुकली की पिले उपाशी राहतात. शिवाय माणसांच्या गराड्यात वाढलेल्या पिलांची माणसाविषयीची भीड चेपते. वाघ आणि माणूस यांच्यातील अंतर नाहीसे होणे दोघांच्याही हिताचे नसते. राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका आलेली अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळीने मारली गेली. त्या अनर्थाचे कारण कॅमेरा नव्हता. पण हे अंतर किती मोलाचे आहे, हे त्यावरून कळते.

कोणी म्हणेल, चित्रेच नसतील तर लोकांना वाघाविषयी प्रेम कसे वाटेल? हे म्हणणे खरे आहे. म्हणून चित्रे अवश्य काढावीत. मात्र ती कशी काढावीत, हे वाघाच्या सोयीने ठरावे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे वनाधिकारी १९२० च्या दशकात वाघाच्या वाटेवर तार बांधून ठेवीत. वाघाचा पाय तारेला लागला की छायाचित्र आपोआप निघे. आज झाडाला बांधलेले कॅमेरे हेच काम करतात. २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरांहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या मागे गाड्यांचा ताफा नव्हता. गळ्यातील रेडिओ-पट्ट्याने त्याचा प्रवास जगाला सांगितला.

वन हे वाघाचे घर आहे आणि माणूस तेथे पाहुणा आहे. घरधन्याला अडचण होताच जो आपण होऊन मागे सरतो, तोच खरा पाहुणा. अशा पाहुण्याला एखादे वेळी चित्रावाचून परतावे लागेल. पण त्या दिवशी वाघीण निर्वेधपणे आपल्या पिलांपर्यंत पोहोचली असेल, तर त्याची फेरी व्यर्थ गेली असे कोण म्हणेल?