अडुळसा बाईला, डॉक्टर नवऱ्याला?

सावनेरच्या आमच्या वस्तीत घरामागे अडुळसा हमखास दिसतो. पानं कडू, शेळी तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला सोयीचा. पांढऱ्या फुलांचं हे झुडूप म्हणजे बायकांचा घरगुती दवाखानाच. पानांचा रस मधातून खोकल्यावर द्यावा, हे ज्ञान त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या जपलं. आयुर्वेदात याला वासा म्हणतात. याच्या पानांतल्या वासिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. तेव्हा या ज्ञानाला कुणी अडाणीपणा म्हणू नये.

पण मैत्रिणींनो, माझा प्रश्न वेगळा आहे.

मागच्या हिवाळ्यात बचत गटाच्या बैठकीत एक बाई सारखी खोकत होती. विचारलं तर म्हणाली, "दोन महिने झाले ताई. अडुळसा घेऊन राह्यली न मी, होऊन जाईन बरं." तिचा नवरा आठवडाभर खोकला, तेव्हा त्याला लगेच नागपूरला नेलं होतं. हिला सासूनं काढा दिला, तोही मायेनंच. थुंकी तपासली तर क्षयरोग निघाला. तिला भीती वाटली ती रोगाची नव्हे, "माहेरी धाडून देतील" याची.

दोष अडुळशाचा नाही. त्यानं कफ सुटतो, क्षयाचे जंतू मरत नाहीत. थोडा आराम पडला की तपासणी मात्र लांबते. दोष आहे तो घरातल्या हिशेबाचा. पुरुषाच्या दुखण्यावर पैसा काढायचा, बाईचं दुखणं परसातल्या पाल्यावर भागवायचं. चुलीचा धूरही तिच्याच छातीत जातो.

म्हणून आम्ही गटात काही गोष्टी ठरवल्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायचीच. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी पैसे थेट खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिना १००० रुपये झाली. ते खातं तिच्या स्वतःच्या नावाचं असावं. आणि गरोदर बाईला अडुळसा द्यायचा नाही, कारण वासिसिननं गर्भाशय आकुंचन पावतं.

सहा महिने औषध घेऊन ती बाई आता बरी आहे, आपल्याच घरी आहे. तुमच्या पुढच्या बैठकीत हजेरी घेताना एवढंच विचारा : किती दिवसांपासून खोकतेस, बाई?