पहिला तास आपलाच असतो

रासायनिक दहशतवादी हल्ल्याचा विषय काढला की आपल्याकडे लोक हसतात. "अहो, नगरमध्ये कोण कशाला येतंय?" आणि त्याला जोडून, "झालंच काही, तर एनडीआरएफ आहे की!" मला या दोन्ही वाक्यांचा राग येतो.

पहिलं घ्या. विषारी रसायन म्हणजे परदेशातली गुप्त प्रयोगशाळा नव्हे. दूध शीतकरण केंद्रातला अमोनिया, पाणीपुरवठा योजनेतला क्लोरीन, साखर कारखान्यांतून निघणारे इथेनॉलचे टँकर हे आपल्या जिल्ह्याचं रोजचं जगणं आहे. गळती अपघाताने झाली की कुणी मुद्दाम केली, हे तपासात कळेल. फुप्फुसाला तोवर थांबता येत नाही.

आता दुसरं. एनडीआरएफची तुकडी तळेगावजवळच्या सुदुंबऱ्यात आहे. ती प्रशिक्षित आहे, पण नगरला पोचायला तिला काही तास लागणारच. तोवर तिथे कोण असेल? जवळच्या ठाण्याचा हवालदार, नगरपालिकेचा बंब, १०८ ची गाडी आणि मोबाईल वर करून उभी असलेली पोरं.

या लोकांना काय माहीत असायला हवं? २० मार्च १९९५ रोजी ओम शिनरिक्यो पंथाने टोकियोच्या मेट्रोत सरीन सोडला. रुग्ण अंगावरच्या कपड्यांनिशी दवाखान्यात आले आणि त्या कपड्यांतल्या वाफेने डॉक्टर-नर्सनाही त्रास झाला. म्हणजे आधी कपडे उतरवा, पाण्याने धुवा, मग आत घ्या. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत तर जखमींना नेलं त्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येच स्फोट झाले. म्हणजे मदतीला येणाराही लक्ष्य असतो; गर्दी हटवा, दुसऱ्या स्फोटाची शक्यता धरून चाला. अपघात आणि घातपात यांत पहिल्या तासापुरता फरक एवढाच: हे भान ठेवायचं आणि पुरावा तुडवायचा नाही.

टँकरच्या पाटीवर चार आकडे असतात. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ क्लोरीन, ११७० इथेनॉल. अमोनियाच्या ढगावर पाण्याचा फवारा उपयोगी पडतो. क्लोरीनच्या गळक्या सिलिंडरवर थेट पाणी मारलं तर आम्ल तयार होतं, धातू खातं आणि गळती वाढते. हा फरक न कळणारा बंब संकट वाढवतो. दोष जवानाचा नाही, त्याला न शिकवणाऱ्यांचा आहे.

"पैसा कुठून आणणार?" हे नेहमीचं उत्तर. श्वसनयंत्रांना पैसा लागतो, मान्य. पण पाटी वाचायला, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायला, दवाखान्याच्या दारात नळ आणि आडोसा करायला किती लागतो? रासायनिक दहशतवादाबद्दल राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. लष्करासाठी रासायनिक-आण्विक टेहळणीचं वाहन घडवण्यात वाटा असलेली व्हीआरडीई याच शहरात आहे. आणि ६ नोव्हेंबर २०२१ रोजी इथल्याच जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण गेले. तिथे कुणी दहशतवादी आला नव्हता.

मॉक ड्रिल होते, पण तारीख आधी ठरते, फोटो निघतो, चहा होतो. ड्रिल न सांगता घ्या, चुका जाहीर करा.

वाचणाऱ्या मित्रांनो, एक माहिती अधिकाराचा अर्ज टाका: आपल्या अग्निशमन केंद्रात चालू स्थितीतली श्वसनयंत्रं किती, आणि ती वापरायला शिकलेले जवान किती? दोन आकडे मागा. उत्तर शून्य आलं, तर ते गावभर वाचून दाखवा.