ट्रॉलीच्या मागचे गार्ड



परवा एका गावी खोडव्याच्या खतावर बोलून झाले आणि गप्पा ऊस-वाहतुकीवर आल्या. एका बागायतदाराने विचारले, "साहेब, मागून येऊन आमच्या ट्रॉलीला धडकला तर चूक त्याची. त्याच्यासाठी लोखंडाचा खर्च आम्ही का करायचा?" प्रश्न रोखठोक होता. तेव्हा एस.टी.ची वेळ झाली होती, म्हणून उत्तर आज देतो.

मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम चेपेल असाच केलेला असतो. तो चेपतो, धक्का खातो आणि आतली माणसे वाचतात. पण ट्रकचा किंवा ट्रॉलीचा हौदा मोटारीच्या बॉनेटपेक्षा उंच असतो. मागे खाली आडवे काही नसेल तर बॉनेट सरळ हौद्याखाली शिरते आणि पहिला मार पुढच्या काचेला, म्हणजे माणसाच्या डोक्याला बसतो. मग पट्टा लावला असला तरी तो कितीसा कामी येणार?

अमेरिकेत २९ जून १९६७ च्या रात्री हेच झाले. न्यू ऑर्लिन्सच्या वाटेवर डास मारण्याच्या धुराची गाडी पुढे होती, म्हणून एक मोठा ट्रक हळू झाला. मागून आलेली मोटार त्याच्याखाली घुसली. पुढे बसलेली नटी जेन मॅन्सफील्ड आणि तिच्याबरोबरचे दोघे जागीच गेले. मागे झोपलेली तिची तीन मुले मात्र वाचली. ट्रकच्या मागच्या आडव्या गार्डला तिकडे आजही 'मॅन्सफील्ड बार' म्हणतात.

आपल्याकडे ट्रकसाठी भारतीय मानक १४८१२ आहे. रिकाम्या गाडीच्या गार्डची खालची कड जमिनीपासून ५५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी, म्हणजे साधारण गुडघ्याच्या आसपास. ते हौद्याच्या रुंदीइतके असावे आणि चासीला पक्के धरलेले असावे. अमेरिकेत २०१३ साली चाचण्यांचे निकाल आले, त्यांत मोटार मधोमध धडकली तर गार्ड टिकले. कडेला धडकली की अनेक गार्डांची टोके वाकली. म्हणून नुसता पातळ अँगल मधोमध वेल्ड करून भागत नाही. टोकांनाही आधार हवा.

आता आपली ट्रॉली. शेतातून निघताना बांधाला गार्ड अडते, म्हणून कोणीतरी ते कापून टाकतो. मी स्वतः असे कापलेले तुकडे गोठ्यात खुंटी म्हणून रोवलेले पाहिले आहेत! त्यापेक्षा बांधाला थोडा उतार करा. काम एका दिवसाचे आहे.

त्या बागायतदाराला माझे उत्तर असे. चूक कोणाची हे पोलीस पाहतील. पण हंगामात रात्री तुमच्या ट्रॉलीमागे येणाऱ्या जीपमध्ये कारखान्याचा साहेब असेल, नाहीतर लग्नाहून परतणारी तुमचीच लेक-जावई असतील. ते तुम्हाला आधी कळणार नाही.

एक गोष्ट वेगळी सांगतो. मोटारसायकलवाल्याला गार्ड वाचवत नाही. त्याला ट्रॉली लांबूनच दिसली पाहिजे. ऊस भरला की मोळ्यांची टोके मागे लोंबतात आणि लाल दिवा झाकला जातो. म्हणून रिफ्लेक्टरची पट्टी हौद्यावर नको, खाली गार्डवरच लावा, तिथे ती उसाआड जात नाही. धूळ बसते, तेव्हा ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसा. आणि टायर फुटून ट्रॉली रस्त्यातच सोडावी लागली, तर मागे दगड मांडून जाऊ नका. दिवा घेऊन एक माणूस बराच मागे उभा करा, आणि ट्रॉली निघाली की ते दगडही उचलून न्या.