पासष्टी ओलांडली की

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावी सेतू केंद्रात बसलो होतो. समोर एक आजी. एका हातात केशरी रेशनकार्ड, पदराच्या गाठीत आधारची घडी. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनसाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. "वर्षाचे किती लिहू?" असे विचारल्यावर म्हणाल्या, "लिव रं बाबा, बसंल तेवडं." मग अंगठा. जन्म काजू सोलण्यात गेलेला, चिकाने बोटांच्या रेषाच खाल्लेल्या. पाचव्यांदा अंगठा उठला.

बसेल तेवढे म्हणजे 21,000 च्या आत. महिन्याला 1,750 रुपये. एवढ्यात कोणी जगत नाही, हे अर्ज लिहिणाऱ्यापासून सही करणाऱ्यापर्यंत सगळे जाणतात. "प्रकरण बसवून दिले" असे आपण कार्यकर्तेही समाधानाने सांगतो. ज्यांचे बसवून द्यायला कोणी नसते, ते वाडीतच राहतात. गरिबांनाच द्या, श्रीमंतांना नको, हे तत्त्व कागदावर न्याय्य आहे. पण चाळणी लावली की आधी गळतो तो दुबळा.

2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली तेव्हा हे लख्ख दिसले. वय 21 ते 65, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, आणि पिवळे किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच नको. वाड्यावाड्यांतून महिन्याभरात अर्ज गेले. तीच बाई 65 ओलांडून श्रावणबाळच्या दारात आली, की रक्कम तीच, महिना 1,500, मर्यादा मात्र अडीच लाखांवरून थेट 21,000. अंगातली ताकद संपते त्याच वर्षी दार अरुंद होते. 2011 च्या जनगणनेत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला, घरात म्हातारी. मुलगा चाकरमानी आहे म्हणून ती निराधार नाही असे ठरते; तो गणपतीला येतो तेव्हा हातावर काय ठेवतो, हे कोणत्या दाखल्यात लिहायचे?

म्हणून सरसकट सगळ्यांनाच मूलभूत उत्पन्न द्यावे का? 2016-17 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले होते. माणशी वर्षाला 7,620 रुपये, तेही वरच्या 25 टक्क्यांना वगळून. तरी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार-पाच टक्क्यांवर जात होता. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या, 2011 च्या गणतीच्या 16 लाख 15 हजार माणसांना महिना 1,500 द्यायचे तर वर्षाला 2,900 कोटी लागतात. हे पैसे रेशन आणि आरोग्य केंद्रे कापूनच उभे राहणार असतील, तर आमचा विरोध आहे. बाजारभाव वाढला की 1,500 वितळतात. अंत्योदयचे 35 किलो धान्य 35 किलोच राहते.

आमचे म्हणणे मधले आहे, पण मोघम नाही. 65 पूर्ण झालेल्या प्रत्येकाला पेन्शन द्या. प्राप्तिकर भरणारे आणि सरकारी निवृत्तिवेतन घेणारे वगळा. त्यांची यादी सरकारकडे आहेच. बाकी कोणाला गरिबीचा पुरावा मागू नका, वयाचा मागा. एखाद्या आंबा बागायतदारालाही पैसे जातील, जाऊ देत. त्याला अडवण्यासाठी शंभर म्हाताऱ्यांना तलाठ्याकडे फेऱ्या घालायला लावणे आम्हाला पटत नाही. याच महाराष्ट्राने 1977 च्या कायद्याने रोजगार हमी दिली, तेव्हा दाखला मागितला नव्हता. घमेले उचलायला जो येईल तो गरजू. म्हातारपणी घमेले उचलवत नाही, तिथे वय हाच निकष पुरे.

2025 मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी आणि छाननी सुरू झाली. त्यात कोण गळले, याची नोंद आपणच ठेवायला हवी. मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या प्रत्येक कार्यकर्त्याला विनंती: आपापल्या वाडीत यंदा 65 पूर्ण करणाऱ्या बायकांची यादी करा. हप्ता कधी थांबला, श्रावणबाळचा अर्ज कधी दिला, किती फेऱ्या झाल्या, अंगठा उठला की नाही, एवढेच लिहा. दिवाळीआधी नऊही तालुक्यांच्या वह्या एकत्र करून आपण जिल्हाधिकाऱ्यांना भेटू.