चेहरा गुप्त नसतो

पूर्वी पेढीवर आलेल्या माणसाची ओळख मुनीमजींच्या नजरेला पटत असे. त्या नजरेत चेहऱ्याबरोबर घराणे, गाव, बोलण्याची ढब आणि मागील देणेघेणे सारे सामावलेले असे. आज निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखलाही मोबाईलचा कॅमेरा चेहरा पाहून देतो. सोय मोठी आहे. परंतु त्या कॅमेऱ्यामागे मुनीमजी नाहीत.

शांघायमधील एक खटला व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २०१८ पासून दोघा जणांनी इतरांची सुस्पष्ट छायाचित्रे व वैयक्तिक माहिती काळ्या बाजारातून विकत घेतली. ॲपच्या साहाय्याने त्या स्थिर चेहऱ्यांना डोळे मिचकवायला, मान हलवायला, तोंड उघडायला लावले. मग फेरफार केलेल्या फोनमधून, कॅमेरा सुरू न करताच, ती चित्रफीत करखात्याच्या तपासणीपुढे ठेवली. यंत्रणा फसली. बनावट कंपन्या उभ्या राहिल्या आणि सुमारे ५० कोटी युआनची खोटी करबिले निघाली. २०२१ मध्ये हे प्रकरण उजेडात आले.

‘डोळे मिचकवा, मान वळवा’ ही सूचना समोर जिवंत माणूस आहे की छापील फोटो, हे पारखण्यासाठी असते. पण कॅमेराच वगळून तयार चित्रफीत आत सोडली, तर ही पारख निरुपयोगी ठरते.

याहून मूलभूत उणीव वेगळी आहे. पासवर्ड गुप्त असतो व चोरीस गेल्यास बदलता येतो. चेहरा गुप्त नसतो आणि बदलताही येत नाही. लग्नाचे फोटो, दुकानाच्या उद्घाटनाची चित्रफीत सर्वांसमोर असते. वधू-वर परिचय पुस्तिकेत तर फोटोशेजारीच जन्मतारीख, वडिलांचे नाव आणि पत्ता छापलेला असतो. ठगाला हवे ते सारे एकाच पानावर मिळते.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवावे. गरजेपुरते उघडता येते. अनोळखी व्हिडिओ कॉलवर कोणी मान वळवायला सांगितल्यास कॉल बंद करावा. मोठी रक्कम पाठवताना पडद्यावर दिसणाऱ्या ओळखीच्या चेहऱ्यावर न विसंबता आपल्याकडील जुन्या नंबरवर उलट फोन करावा आणि दुसऱ्या भागीदाराची मंजुरी घ्यावी. परिचय पुस्तिकेत पूर्ण पत्त्याऐवजी गावाचे नाव पुरेसे आहे.

पिढ्यांनी कमावलेली पत केवळ चेहऱ्याच्या भरवशावर सोडू नये.