दंडारीची नवी मांडणी कोण करणार?

‘स्वान लेक’ हा बॅले आज अभिजात म्हणून जगभर मान्यता पावला आहे. १८७७ साली मॉस्कोच्या बोल्शॉय रंगमंचावर तो प्रथम आला तेव्हा मात्र त्याचे स्वागत थंडच झाले. चायकोव्हस्की १८९३ मध्ये वारले. दोन वर्षांनी पेतिपा आणि इवानोव्ह या दोघांनी सेंट पीटर्सबर्ग येथे त्याची नृत्यरचना नव्याने केली, द्रिगो यांनी संगीतात फेरफार केले, आणि पुढच्या बहुतेक बॅले कंपन्यांनी ‘मूळ’ म्हणून जे हाताशी धरले ते १८९५ चे हे दुसरे रूप होय. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो तीच एक नवी मांडणी आहे. कलाकृती जुनी झाल्याने अभिजात होत नाही. कोणीतरी ती पुन्हा उभी करायला घेतो, तिच्यावरून भांडतो, म्हणून ती अभिजात होते, असे आमचे मत आहे.

नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना लागणाऱ्या शहापुरात बसून आम्ही बॅलेची ही कथा सांगत आहोत, यामागे कारण आहे. येथून पूर्वेकडे झाडीपट्टीचा मुलूख पसरतो. या मुलखाला स्वतःचे नृत्यनाट्य आहे. त्याचे नाव दंडार. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, आणि रात्री ढोलकीच्या तालावर गावातलीच माणसे, दिवसा शेतात राबणारी, स्त्रीवेष घेऊन नाचतात, गातात, पुराणातला एखादा प्रसंग उभा करतात. अशा कथा सांगणाऱ्या दंडारीला ‘परसंगी’ हे नावच आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीवर स्वतंत्र पुस्तक लिहून तिला अभ्यासाच्या कक्षेत आणले, हे त्यांचे मोठे ऋण. आमच्या मराठी विभागांनी मात्र ते ऋण लोकनाट्याच्या प्रश्नपत्रिकेतल्या एका टिपेपुरतेच फेडले.

दुसरीकडे, याच मुलखात वडसा येथे व्यावसायिक नाटक कंपन्यांचे केंद्र आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांचे प्रयोग रात्र-रात्र चालतात, तिकिटे लावून चालतात. २०२३ मध्ये गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांनाही या रंगभूमीची दखल घ्यावी लागली. नट आहेत, वादक आहेत, प्रेक्षक आहेत, पैसाही फिरतो. असे असताना या कंपन्यांचा सारा जोर दर हंगामाला नवे नाटक आणण्यावर. ज्या दंडारीच्या अंगणात ही रंगभूमी वाढली, तिचा एखादा परसंग संपूर्ण तालमीनिशी रंगमंचावर आणणे हे आपले काम आहे, असे कंपन्यांना वाटत नाही. मराठी संगीत नाटकाचे निदान तसे झाले नाही. १८८० चे ‘शाकुंतल’ आणि १८८२ चे ‘सौभद्र’ पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा उभे राहिले. कापले गेले, पदे गळाली, पण राहिले.

‘लोककला ही लोकांत जगते, तिला कंपनी कशाला?’ असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. उदय शंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात शिकवून आलेले शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप स्थापन केला आणि ‘रामायण’ बसवले. त्यात जिवंत नर्तक मुखवटे लावून कळसूत्री बाहुल्यांसारखे हलतात. जत्रेतला बाहुल्यांचा खेळ हा त्याचा पाया. पण प्रत्येक झटका, प्रत्येक मान वळवणे ठरवलेले. बर्धन १९५४ मध्ये क्षयाने गेले. तरीही गुल बर्धन आणि प्रभात गांगुली यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी ते ‘रामायण’ ग्वाल्हेरला, पुढे भोपाळला नेऊन अनेक दशके रंगमंचावर ठेवले. जत्रेतल्या खेळाने कंपनीत येऊन काही गमावले असेलही. पण कर्ता गेल्यावर कृती उरली, ही गोष्ट दंडारीच्या बाबतीत आम्हांस कोठे दिसते?

आता नोंदीविषयी. पीटर्सबर्गची नृत्ये स्तेपानोव्ह यांच्या लिपीत उतरवलेली होती. रशियन क्रांतीनंतर सर्गेयेव्ह यांनी त्या वह्या देशाबाहेर आणल्या, आणि १९३४ मध्ये लंडनला ‘स्वान लेक’ उभे राहिले ते त्यांच्याच आधारे. आज त्या हार्वर्ड विद्यापीठात आहेत. दंडारीची वही म्हणजे म्हाताऱ्या माणसांची पावले. आमचे विद्यार्थी त्यांच्याकडे जाऊन गाणी लिहून आणतात आणि संहिता मिळाली म्हणून समाधान मानतात. पाऊल कोणते, गिरकी कोणत्या मात्रेवर, हे कोणी लिहीत नाही. साहित्याच्या माणसांची ही जुनीच खोड: शब्द हाती आला की नाटक हाती आले असे समजायचे.

नव्या मांडणीत खरा पेच स्त्रीवेषाचा येईल. १९९५ मध्ये मॅथ्यू बोर्न यांनी लंडनला पुरुषांना हंस केले, तेव्हा त्याचा केवढा गवगवा झाला! आमच्याकडे उलट प्रश्न आहे. झाडीपट्टीच्या नाटकांत स्त्रिया केव्हाच आल्या. मग दंडारीत त्यांनी नाचावे की नाही? नाचावे, असे आम्ही निःशंकपणे म्हणू. मात्र दंडारीतली स्त्री ही पुरुषाच्या शरीराने कल्पिलेली स्त्री आहे. त्या चालीत थोडी थट्टा आहे, थोडी असूयाही. ती चाल पुसून सिनेमातली लचक घातली तर दंडार गेली. बालगंधर्वांची गायकी जयमाला शिलेदारांनी पुढे नेली, तेव्हा पुरुषाने घडवलेली स्त्री एका स्त्रीने शिकून घेतली होती. तेवढी मेहनत येथेही लागेल, आणि ती कंपनीच्या शिस्तीतच होऊ शकते.

हौशी महोत्सवातला वीस मिनिटांचा तुकडा आम्हांस अभिप्रेत नाही. वडशाच्या एका कंपनीने एका हंगामात एक परसंग पूर्ण रात्रीचा करावा. धानाची रोवणी आटोपली की कापणीपर्यंत जुन्या दंडारकरांना थोडी सवड असते, आणि दिवाळीच्या प्रयोगांची जुळवाजुळवही त्याच सुमारास चालते. भंडारा-साकोलीच्या महाविद्यालयांनी त्या काळात कॅमेरा आणि वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे, आणि पावलांसकट उतरवलेला परसंग कंपनीच्या दिग्दर्शकाच्या हाती द्यावा. पहिला प्रयोग अर्थातच मंडईत.