विहीणबाईंची बोली आणि खालची अक्षरे

विहीण म्हटली की मराठी माणसाला आधी मानपान आठवतो. ओटीतले खण, पंगतीतली जागा, कुणाला पाटावर बसवले आणि कुणाला विसरले, यावरचे ते रुसवेफुगवे! पण वाचकहो, रुसायलाही दोघींची भाषा एक लागते. माझ्या विहीणबाई मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरी राहतात. त्यांना स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा येत नाही. मला मराठी येते, बाजारापुरती हिंदी येते आणि शाळेत तीस वर्षे शिकवले तेवढे इंग्रजी येते. आता रुसायचे कसे, सांगा!

धाकटीने तिकडचा मुलगा पसंत केला. मुलगा गुणी आहे. रविवारी सकाळी फोनवर सगळे एकमेकांना दिसतो, तेव्हा जावईबापू मधे दुभाष्याचे काम करतात. विहीणबाई हातवारे करीत पाच मिनिटे बोलतात, मधेच हसतात, मधेच डोळे टिपतात, आणि जावईबापू सांगतात, “आई म्हणते, सगळे ठीक आहे.” पाच मिनिटांचे हे एवढेच? येत्या माघात धाकटी बाळंत व्हायची आहे आणि मी तिकडे जाणार आहे. विहिणीच्या स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळायचे, आणि लेकीला रात्री कळा सुरू झाल्या तर डॉक्टर काय म्हणाले ते जावयाच्या तोंडून थोडक्यात ऐकायचे, हे माझ्या मनाला पटेना. म्हणून बासष्टाव्या वर्षी मी स्पॅनिशचे पुस्तक उघडले.

पुस्तकातली स्पॅनिश गोड आहे. लिहितात तशी बहुतेक बोलतात. ‘ह’चे अक्षर तेवढे मुके, आणि ‘ब’ व ‘व्ह’ यांचा उच्चार एकच. आपला ‘तू’ तिथेही ‘तू’च, आणि ‘अहो’च्या जागी ‘उस्तेद’. पोर्तुगीजांनी आपल्याला दिलेल्या ‘पगार’ शब्दाची सख्खी बहीण तिथे ‘पैसे चुकते करणे’ या अर्थाने नांदते. असे ओळखीचे चेहरे दिसले की बरे वाटते. पण तीच भाषा कानावर पडली की शब्दांचे दोरे एकमेकांत अडकून नुसता गुंता होतो. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, काही पत्ता लागत नाही.

भाच्याने सुचवले, “मावशी, सिनेमे बघा.” सिनेमे मिळतात, पण खाली अक्षरे इंग्रजी. डोळे इंग्रजी वाचतात आणि कान खुशाल झोपतात. मला हवी होती बोलणे स्पॅनिश आणि खालची अक्षरेही स्पॅनिश, म्हणजे ऐकलेला शब्द डोळ्यांनी पकडता येईल.

हीच तक्रार एका भारतीय विद्यार्थ्याने माझ्याआधी केली होती, आणि तिचे पुढे केवढे झाले! ब्रिज कोठारी हे १९९६ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते आणि स्पॅनिशचाही अभ्यास करीत होते. मित्रांबरोबर ते पेद्रो आल्मोदोवार यांचा १९८८ सालचा चित्रपट पाहत होते. मज्जातंतूंचा झटका येण्याच्या बेतात असलेल्या बायकांची ती गोष्ट. (नाव ऐकूनच आमचे हे म्हणाले, “यात नवीन काय?”) खाली इंग्रजी अक्षरे होती. ती स्पॅनिश असती तर आपली भाषा सुधारली असती, असे कोठारींच्या मनात आले. आणि पाठोपाठ दुसरा विचार आला, की आपल्याकडे हिंदी गाण्यांखाली हिंदीतच शब्द दिले, तर ज्यांना अक्षरओळख आहे पण वाचता येत नाही अशी माणसे वाचू लागतील. पुढे अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत राहून त्यांनी ते करून दाखवले. आधी गुजराती ‘चित्रगीत’, मग दूरदर्शनचे ‘चित्रहार’. गाणे पाठ असते, म्हणून पुढचा शब्द ओठांवर आधी येतो आणि डोळे तो खाली शोधतात. २०१३ नंतर काही काळ झी टॉकीजवर मराठी चित्रपटही मराठी अक्षरांसह दाखवले गेले, ते त्यांच्याच संस्थेच्या खटपटीने. म्हणजे प्वेब्लाच्या विहिणीसाठी मी जे शोधते आहे, त्याचाच उपयोग आमच्या कामवाल्या बाईंच्या मुलीला मराठी वाचायला झाला असेल!

हे नुसते मनाचे खेळ नव्हेत. हॉलंडमध्ये दोन संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी चांगले येणाऱ्या डच विद्यार्थ्यांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन धाटणीच्या अवघड इंग्रजीतले चित्र दाखवले. काहींना खाली इंग्रजी अक्षरे, काहींना डच, काहींना मुळीच नाहीत. इंग्रजी अक्षरे वाचणाऱ्यांचा कान त्या अनोळखी बोलीला सर्वांत चांगला सरावला. डच अक्षरे वाचणाऱ्यांना नवी वाक्ये ऐकताना उलट अडचणच झाली. मायबोलीची अक्षरे गोष्ट समजावतात, पण कान बिघडवतात, असाच याचा अर्थ.

आता शोधायचे कसे, ते सांगते. कारण यात गोम आहे. चित्रपट मुळात स्पॅनिश हवा. इंग्रजी चित्रपटाला स्पॅनिश आवाज दिलेला असला, तर खालची स्पॅनिश अक्षरे पुष्कळदा वेगळीच निघतात. आवाजाचे भाषांतर ओठांच्या हालचालींवर बेतलेले असते आणि अक्षरांचे भाषांतर वाचायच्या वेगावर. दोन्ही केली दोन माणसांनी. पडद्यावरचा माणूस एक बोलतो, खाली दुसरेच, आणि शिकणारी माझ्यासारखी मधल्यामधे गोंधळते. स्पेनमध्ये तर फ्रँकोच्या राजवटीत १९४१ पासून परदेशी चित्रपटांना स्पॅनिश आवाज देणे सक्तीचे झाले होते, आणि तिथल्या लोकांना ती सवय पुढेही राहिली. तेव्हा यादीत ‘बहिऱ्यांसाठी’ म्हणून दिलेली अक्षरे आधी पाहावीत. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी केलेली असल्याने ती बोलण्याला धरून असतात; दार वाजले, कुत्रे भुंकले, हेसुद्धा लिहितात. ‘कुत्रे भुंकते’ हे वाक्य मला त्यामुळे उत्तम येते! आमच्या घरच्या वर्गणीच्या खात्यावर ही अक्षरे दिसत नव्हती. भाच्याने खात्याची भाषाच स्पॅनिश करून टाकली आणि ती यादीत आली. आता यांना बातम्या लावायच्या असल्या तरी बटण मला विचारून दाबावे लागते.

तबकड्या मागवायच्या असल्या तर जपून. स्पेनच्या तबकडीवर विभाग २, मेक्सिकोच्या तबकडीवर ४ आणि आपल्याकडे ५. आपले यंत्र सर्व विभाग घेणारे नसेल, तर पैसे पाण्यात.

कोल्हापुरात बसून हे सगळे करताना गंमत वाटते. बाबूराव पेंटरांची ‘सैरंध्री’ १९२० सालची. मूकपटच तो, बोलणे पडद्यावर अक्षरांत यायचे, आणि थिएटरात ज्याला वाचता येई तो शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवी. बोलपट आल्यावर प्रभातने इथेच १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ काढला, तो मराठीत आणि हिंदीत, एकाच देखाव्यात दोनदा. तिकडे हॉलीवूडमध्येही तेच. १९३१ सालचा ‘ड्रॅक्युला’ दिवसा इंग्रजीत घेत आणि रात्री त्याच सेटवर दुसरे नट येऊन स्पॅनिशमध्ये घेत. नायिका मेक्सिकोची लुपिता तोवार, आणि दिग्दर्शकाला स्पॅनिश येतच नव्हते. त्यालाही मधे दुभाष्या लागला. आमच्या जावईबापूंसारखा थोडक्यात सांगणारा नसावा, म्हणजे झाले.

मेक्सिकोची बोली हवी म्हणून मी आल्फोन्सो क्वारोन यांचा २०१८ सालचा ‘रोमा’ लावला. या चित्रपटावरून एक वाद झाला होता. स्पेनमध्ये तो दाखवताना मेक्सिकन बोलण्याखाली स्पेनच्या धाटणीची अक्षरे घातली. पोर ‘मामा’ अशी आईला हाक मारते आणि खाली ‘माद्रे’! क्वारोन चिडले, हा स्पेनच्या प्रेक्षकांचाच अपमान आहे म्हणाले, आणि २०१९ च्या जानेवारीत ती अक्षरे काढावी लागली. मी पूर्णपणे क्वारोन यांच्या बाजूची आहे. आमच्या गंगावेशीत कुणी “काय करालाईस?” म्हटले आणि खाली “आपण काय करीत आहात?” असे उमटले, तर कोल्हापूरकर पडदा फाडतील. आणि शिकणाऱ्याचे तर नुकसानच. विहीणबाई जे बोलतात तेच मला खाली हवे, माद्रिदच्या पंतोजींनी शुद्ध केलेले नको.

त्या चित्रपटात एका मोलकरणीच्या बाळंतपणाचा प्रसंग आहे. त्याचा शेवट चांगला नाही. तेवढ्यापुरती मी खालची अक्षरे वाचली नाहीत.

आता रोज रात्री जेवणे आटोपली की वीस मिनिटे. एकच प्रसंग आधी अक्षरांसह, मग अक्षरे झाकून. झाकायला फडके चालते. मेक्सिकोत नीट वळण लावलेली मुले ‘काय?’ म्हणत नाहीत, ‘मांदे’ म्हणतात, म्हणजे ‘आज्ञा करा’. आपल्या जुन्या ‘जी’सारखे. ‘आओरीता’ म्हणजे ‘आत्ता’, पण ते आपल्या शिंप्याच्या ‘आत्ता देतो’सारखे! आणि तिथली माणसे स्वतःच्या घराला पाहुण्यापाशी ‘तुमचे घर’ म्हणतात. मागच्या महिन्यात विहीणबाई बरेच बोलल्या आणि जावईबापूंनी सांगितले, “खोली तयार आहे म्हणते.” मी म्हटले, “त्या ‘तुमच्या घरात’ म्हणाल्या. ते का गाळलेत?” जावईबापू गप्प, आणि तिकडे विहीणबाई टाळ्या वाजवू लागल्या.

जुन्या चित्रपटांतले बोलणे स्वच्छ असते, म्हणून या दिवाळीत ‘माकारिओ’ पाहायचा बेत आहे. रोबेर्तो गावाल्दोन यांचा, १९६० सालचा. त्यांच्या पितरांच्या सणापासून सुरू होतो, आणि तो सण आपल्या दिवाळीच्याच आसपास, नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला येतो. जन्मभर अर्धपोटी राहिलेल्या लाकूडतोड्याला एकदा तरी अख्खा टर्की एकट्याने खायचा आहे, अशी गोष्ट. विहीणबाईंनी तो लहानपणी टीव्हीवर पाहिला आहे. शेवट सांगू नका, असे मी त्यांना गेल्या रविवारी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि सगळा शेवट सांगून टाकला. आणि तो मला समजला.